नऊ तासांचा नियम

४ फेब्रुवारी

वही लिहिणं ही माझी हौस नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी ती आज हातात ठेवली आणि म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहा. त्यांची झोप, चालणं, बोललेले शब्द. आणि तुमचंही लिहा. घरात एकाला झटका बसला की सगळ्या घराचं डोकं शिणतं." माझं काय लिहायचं? मी ठणठणीत आहे. मी बस डेपोत ड्युट्या लावते. एकशे चाळीस ड्रायव्हर आणि ब्याण्णव गाड्या रोज माझ्या फळ्यावरून सुटतात. डोकं शिणायला सवड कुणाला आहे?

झालं ते असं. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी दाढी करताना पेंटरच्या हातातून ब्रश पडला. मी बाहेरून ओरडले, "काय पाडलंस रे?" आतून उत्तर आलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, पाय वाचला, उजवा हात अर्धामुर्धा वाचला. बोलणं मात्र गेलं. डोकं शाबूत आहे, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. एकच शब्द शिल्लक आहे, 'बरं'. भूक लागली तरी बरं, चिडला तरी बरं, सूप खारट झालं तरी बरं.

पेंटर म्हणजे माझा नवरा. गाड्यांच्या कपाळावरच्या मार्गाच्या पाट्या तो हाताने रंगवायचा, तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये नवी होते. तो पेंटर, मी कंट्रोल. लग्न झालं, लेक झाली, ती नोकरीसाठी परगावी गेली, तरी आमची हीच नावं टिकून आहेत. खरी नावं बँकेच्या पासबुकात तेवढी आहेत.

बाई म्हणाल्या की पहिल्या सहा महिन्यांत जे परत यायचं ते भराभर येतं, पुढे सावकाश. म्हणजे हातात पाच महिनेही नाहीत. मी डेपोतून जुन्या वेळापत्रकाचा मोठा कागद आणला, त्याच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. झोप, गोळ्या, फिरणं, हाताचा व्यायाम, शब्द, भेटलेली माणसं. पेंटरने सगळे रकाने नीट बघितले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं."

बोलता न येणारा माणूस हळूहळू घरात असून नसल्यासारखा होतो. हा माणूस मी तसा होऊ देणार नाही.

६ फेब्रुवारी

आज लंबूला घरी पाठवला. लंबू म्हणजे आमचा सर्वांत उंच ड्रायव्हर, काल उशिराची फेरी करून आज सकाळी पुन्हा खिडकीशी हजर.

"ताई, बेचाळीस नंबरची चावी."

"विश्रांती किती झाली?"

"सात तास. पण एकदम ताजातवाना आहे. तोंड धुतलंय, दोन कप चहा झालाय."

"चहाने डोळे उघडतात, डोकं उघडत नाही. नऊ तास नाही, तर चावी नाही."

"ताई, एवढ्यापुरतं."

"दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे कळत नाही, म्हणून तर नियम केलाय. जा, झोप काढ."

गेला तोंड पाडून. संध्याकाळी पेंटरला सगळं साग्रसंगीत सांगितलं. लग्न झाल्यापासून चहाच्या वेळी डेपोतलं सगळं त्याला सांगायची सवय आहे. नऊ तासांचं हे कीर्तन त्याने इतक्यांदा ऐकलंय की पूर्वी माझं वाक्य तोच पुरं करायचा आणि वर माझ्या आवाजाची नक्कल करायचा. आज नुसता ओठ हलवत होता. मी वाक्य पुरं केलं.

पेंटर: झोप आठ तास. पडल्या पडल्या लागते, सुखी जीव. शब्द एक. मी: चार तास. चित्रांची कार्डं कापत बसले होते.

१२ फेब्रुवारी

कार्डांचा अभ्यास. छत्री, कात्री, कप, चावी. चित्र दाखवायचं आणि तो बोलेपर्यंत थांबायचं. बाईंनी मला बजावलंय, "शब्द तुम्ही द्यायचा नाही. मनात दहा आकडे मोजा." सांगायला काय जातं? त्याचे ओठ आवळतात, कपाळावरची शीर फुगते, डोळ्यांत तो शब्द अगदी दिसतो आणि बाहेर येत नाही, ते बघत बसायचं. चावीच्या चित्रापाशी मी चारपर्यंत पोचले आणि म्हणून टाकलं, "चावी."

त्याने कार्ड उलटं ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला वाईट वाटलं. पण दहा आकड्यांत डेपोतून दोन गाड्या सुटतात, माझा हात आपोआप पुढे जातो.

१५ फेब्रुवारी

हा माणूस कुठल्या मातीचा बनलाय कळत नाही. आज शर्टाची बटणं लावायला मी पुढे झाले तर डाव्या हाताने मला बाजूला सारलं. सहा बटणं, बावीस मिनिटं. चौथं दोनदा सुटलं. एकदाही वैतागला नाही. शेवटचं बटण लागल्यावर आरशासमोर उभा राहून स्वतःलाच "बरं" म्हणाला. मी दाराआडून बघत होते. ज्याच्या पाट्या शंभर पावलांवरून वाचता यायच्या, तो माणूस बटणासाठी बावीस मिनिटं खर्च करतो आणि त्याला कमीपणा वाटत नाही. मला असलं काही जमलं नसतं.

तक्त्यात लिहिलं: हाताचा व्यायाम, बटणं सहा.

१९ फेब्रुवारी

माळ्यावरून रंगाचा डबा त्याने मला खुणेने काढायला लावला. निळा, थोडासाच उरलेला. डाव्या हातात बारीक ब्रश धरून वर्तमानपत्रावर अक्षरं काढली. पहिला 'क' असा आडवा पडला की मला हसू आवरेना. तोही हसला, खांदे हलवत, आवाज न करता. मग परत काढला. मग परत. अकरावा 'क' उभा राहिला.

शब्द तीन: बरं, नको, पाणी. 'नको' सर्वांत स्पष्ट येतो. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्याला माझ्यासमोर फारसा वापरता आला नव्हता, सगळं उट्टं आता काढतोय.

मी: साडेतीन तास. पहाटे उठून आठवड्याचे व्यायाम लिहून काढले. झोप येत नाही तर नुसतं पडून काय करायचं?

२३ फेब्रुवारी

लेकीचा फोन.

"आई, तू कशी आहेस?"

"आज अकरा शब्द बोलला."

"मी तुझं विचारलं."

"तेच सांगतेय."

ती म्हणाली, "चार दिवस येऊ का?" मी म्हटलं, उगाच रजा वाया घालवू नकोस, तुझ्या आईचा तक्ता मिनिटावर चाललाय.

तक्त्यावरून आठवलं. पेंटरने त्याच्या डाव्या समासात एक नवा उद्योग सुरू केलाय. रोज सकाळी तारखेसमोर ब्रशने निळे ठिपके काढतो. कधी चार, कधी तीन, एकदा पाच. मी म्हटलं, ठिपके काढायचेत तर निदान रोज सारखे काढ. म्हणाला, "नको." असू दे. हाताला वळण लागतंय.

१ मार्च

आज चमच्याला 'गाडी' म्हणाला. मग मला म्हणाला, "गाडी... दे." मी चमचा दिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चमचा हातात धरून टेबलावरून गाडीसारखा फिरवला, सूपच्या वाटीशी ब्रेक मारला. आपल्याच चुकीला असं हसता येणं ही केवढी श्रीमंती आहे.

मलाही हसायचं होतं. पण मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. बराच वेळ. साबण डोळ्यांत गेला असावा.

५ मार्च

शुक्रवारच्या टेबल टेनिसला जाऊन दोन महिने झाले. डेपोच्या विश्रांतिगृहात दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि वर्कशॉपची मेकॅनिक खेळायचो. सहा वर्षांत तिने मला मोजून नऊ वेळा हरवलंय. आज ती खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, बॅटवर धूळ बसली."

"घरी माणूस आजारी असताना मी टिकटिक चेंडू मारत बसू?"

"वीस मिनिटं तर असतात."

"त्या वीस मिनिटांत मी शब्दांच्या याद्या करते."

ती म्हणाली, "तुम्ही बारीक झालात." मी म्हटलं, बरंच झालं, कपडे सैल होतील. ती हसली नाही. हल्ली लोकांना विनोद कळेनासे झालेत.

आज पेंटर एकटा कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन आला. मी गॅलरीतून श्वास रोखून बघत होते. रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आल्यावर मागच्या माणसाने घाई केली, तर पेंटरने हात वर करून त्याला थांबवलं, वाहतूक पोलिसासारखं. बेकरीवाली थांबली, सगळी रांग थांबली. "ब्रेड," म्हणाला म्हणे. बेकरीवालीनेच मला नंतर सांगितलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तक्त्यात माणसांच्या रकान्यात मी आख्खी रांग लिहिली.

दुपारी मात्र हल्ली फार झोपतो, दोन-दोन तास. रात्री आठ तास झोपून वर ही दुपारची कशी काय लागते, बाईंना विचारायला हवं.

१० मार्च

दूध उतू गेलं, भांडं जळून काळं पडलं. भांड्याचं बूड पातळ झालंय. सकाळी स्कूटरवर सिग्नलला उभी होते, तर मागून हॉर्नचा गदारोळ. हिरवा कधी लागला कुणास ठाऊक. लोकांना दोन सेकंद धीर धरवत नाही.

शब्द सतरा. मी: तीन. म्हणजे तास.

१४ मार्च

हे लिहू की नको असा विचार करत अर्धा तास बसलेय. लिहिते.

सकाळी सहाची वेळ, खिडकीशी गर्दी. मी चाव्या देत होते. लंबू आला, मी फळ्याकडे बघितलं, बेचाळीस नंबरची चावी काढून त्याला दिली आणि डेपोच्या वहीत नोंद केली. पाच मिनिटांनी तो परत आला. गर्दी पांगेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग चावी हळूच काउंटरवर ठेवली.

"ताई, मी काल मध्यरात्रीपर्यंत गाडीवर होतो."

मी पान उलटलं. काल रात्रीची नोंद माझ्याच अक्षरात होती. सहा तासही झाले नव्हते.

"गाडी गेटपर्यंत नेली," तो म्हणाला, "मग वाटलं, ताईंनी बघून दिली असेल. मग वाटलं, ताई बघून कधीच देणार नाहीत."

त्याने कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही म्हणाला. दुसरा ड्रायव्हर लावला, गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. झालं काहीच नाही. पण सकाळच्या त्या गाडीत शाळेची पन्नास मुलं असतात. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. गर्दी होती, दुसरं काही नाही.

संध्याकाळी पेंटरला सांगितलं. आणखी कुणाला सांगणार? सांगून झाल्यावर मी 'बरं'ची वाट बघत होते. तो उठला, तक्त्यासमोर जाऊन उभा राहिला आणि समासातल्या आजच्या ठिपक्यांवर बोट टेकवलं. दोनच होते. मग माझ्याकडे वळला. ओठ आवळले, शीर फुगली. "तू..." म्हणाला. पुढचं आलं नाही. मी म्हटलं, "तूही दमलायस, दोनच ठिपके काढलेस आज. झोप आता."

१७ मार्च

आज मी पेंटरवर ओरडले.

कप म्हणायचं होतं. मी सहापर्यंत मोजलं, सातपर्यंत मोजलं, मग माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. "म्हण ना रे, कप, कप, एवढं साधं!" कार्डं भिरकावली. फरशीवर सगळीकडे छत्र्या आणि कात्र्या. तो खाली बसून, डाव्या हाताने, एकेक कार्ड गोळा करायला लागला. मी त्याच्या शेजारी खाली बसले आणि रडले, चांगली हमसून. त्याने कार्डं ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो अर्धामुर्धा उजवा हात. इतका वर तो पहिल्यांदाच गेला होता.

माझी मला लाज वाटते. ज्याचं सगळं गेलं तो शांत आहे आणि जिचं काहीच गेलं नाही ती कार्डं फेकते.

तक्त्यात लिहिलं: उजवा हात, खांद्याच्या वर.

२३ मार्च

बाईंकडे गेलो. त्यांची खोली लहानशी, दोन खुर्च्या, एक आरसा, उच्चार बघायला. मी तक्त्याची नक्कल करून नेली होती. तीस शब्द, रोज दोन हजार पावलं. बाई खूश झाल्या. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी पेंटरला विचारलं, "घरी कसं चाललंय?"

मी म्हटलं, "छान चाललंय, सकाळी सहाला..." बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

तो सुरू झाला. ओठ आवळले. मी मोजत होते, दुसरं काय करणार? दहा झाले. पंधरा झाले. माझ्या तोंडात दोन-तीन शब्द तयार होते, मी दातांनी जीभ धरून ठेवली.

"ही," तो म्हणाला. माझ्याकडे बोट. मग खूप वेळाने, "झोपत... नाही."

तीन शब्द एकापुढे एक. झटका आल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य. मी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. बाईंना म्हटलं, "बघितलंत? कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी."

बाई म्हणाल्या, "वाक्य चांगलंच आहे. ते काय सांगतायत तेही ऐका." आणि मग माझीच उलटतपासणी. किती तास झोपता? भूक लागते का? रडू येतं का? पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का? पेंटर माझ्याकडे टक लावून बघत होता, त्यामुळे धड खोटंही बोलता येईना. तीन तास, म्हटलं. कधी दोन. बाईंनी एका डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. "हे खचणं आहे. यालाही उपचार असतात. लाजण्यासारखं काही नाही."

घरी येईपर्यंत मी घुश्शात होते. आजारी कोण आणि चिठ्ठी कुणाला? चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली, पेंटरने खुणावलं म्हणून. वाक्य मात्र तक्त्यावर लाल शाईने लिहिलं.

२४ मार्च

सकाळी साडेपाचला तयार झाले. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण तोंड धुतलं, दोन कप चहा घेतला. दाराशी आले तर खिळ्यावर स्कूटरची चावी नाही. पर्समध्ये नाही, फ्रिजवर नाही. मग बघितलं, दाराजवळच्या स्टुलावर पेंटर बसलाय, सहाच्या सहा बटणं लावून, आणि डाव्या मुठीत चावी.

"दे," मी म्हटलं. "उशीर होतोय."

त्याने मान हलवली.

"अरे, सहाची गाडी आहे. लोक खोळंबतील."

मूठ आणखी घट्ट. ओठ आवळायला लागले. मी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि मोजायला लागले. दहा झाले. वीस झाले. त्याच्या कपाळावर घाम आला, मी तो पुसलाही नाही. सत्तावीसला तो बोलला.

"नऊ... तास... नाही." श्वास घेतला. "तर... चावी... नाही."

माझंच वाक्य. माझाच ठेका. 'नाही'वर मी जशी टिचकी मारते तशी टिचकीसुद्धा.

मी म्हटलं, "मी ठीक आहे रे. एवढ्यापुरतं." हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि मी ते ऐकले. खिडकीच्या त्या बाजूने इतकी वर्षं ऐकत आलेय, आज या बाजूने. सात तास झोपलेल्या लंबूला मी परत पाठवला होता. आणि मी दोन तास झोपून स्कूटर चालवत होते, गाड्या सोडत होते, शाळेच्या मुलांची गाडी सोडत होते.

तिथेच खाली बसले. हसू येत होतं आणि रडूही, कुठलं आधी येतंय ते कळत नव्हतं. पेंटरने चावी शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला.

डेपोत फोन केला, आज येत नाही म्हटलं. मॅनेजर साहेब म्हणाले, "ताई, आम्ही वाटच बघत होतो." कसली, ते विचारलं नाही. सात वाजता आडवी झाले. पेंटरने पडदा ओढला, स्टूल उचलून आत आणलं आणि पहाऱ्याला बसला.

जाग आली तेव्हा एक वाजला होता. स्वयंपाकघरात रंगाचा वास. पेंटर तक्त्यासमोर उभा, नाकाला निळा रंग लागलेला. समासातल्या त्या ठिपक्यांच्या वर त्याने एक रेघ ओढून रकाना केला होता आणि रकान्याला नाव दिलं होतं. अक्षरं वाकडी, पण गॅलरीतून वाचता येतील एवढी ठळक. 'कंट्रोल'.

मी वरून खाली बघत गेले. चार, तीन, पाच, तीन. चौदा मार्चसमोर दोन. माझ्या वहीतले आकडे आणि त्याचे ठिपके तारखेगणिक जुळत होते. सात रकाने माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी सहाच मोजत होते. तेव्हा कळलं, दुपारी त्याला इतकी झोप का येते ते. मी त्याच्या रकान्यात रोज 'झोप, आठ तास' लिहीत होते आणि तो डोळे मिटून, उशाशी घड्याळ घेऊन, माझे तास मोजत पडलेला असायचा. बोलता येत नव्हतं म्हणून लिहून ठेवत होता. महिनाभर. त्या आडव्या पडणाऱ्या हाताने.

मी या माणसाला शब्द शिकवत होते.

त्याला जवळ घेतलं. नाकाचा रंग माझ्या गालाला लागला. मग लेकीला फोन केला आणि म्हटलं, ये चार दिवस. "कुणासाठी?" तिने विचारलं. "माझ्यासाठी," मी म्हटलं, आणि ती तिकडे रडायला लागली. चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन केला. उद्या अकराची वेळ मिळाली. मेकॅनिकला निरोप पाठवला की बॅटवरची धूळ पुसून ठेव, हरवायला येतेय. उत्तर आलं, "आठवड्याने या. आधी झोपा." सगळ्या जगाला माझा नियम पाठ आहे.

आता रात्रीचे आठ वाजलेत. पेंटरने आजच्या तारखेसमोर सहा ठिपके भरलेत आणि पुढे तीन गोल कोरे ठेवलेत. मी विचारलं, "दिवसाची झोप धरणार ना?" त्याने विचार केला, उदारपणे मान डोलावली. मग खिशातून चावी काढून मला लांबून दाखवली आणि परत आत टाकली.

म्हणजे अजून तीन तास बाकी. वही मिटते आणि ते भरून टाकते.